योसेफाची धावपट्टी

साउथहॅम्प्टनच्या आमच्या शर्ली भागात अँब्युलन्सचा सायरन वाजला, की गाड्या बाजूला होतात, माणसं चालत राहतात आणि योसेफा फुटपाथ सोडून जवळच्या कोणाच्या तरी फ्रंट गार्डनमध्ये शिरतो. हात खिशातून काढून, मान वर करून, आवाज पार विरेपर्यंत आकाशाकडे बघत उभा राहतो. मग "लँडेड" असं म्हणून पुन्हा चालायला लागतो. पहिल्यांदा मी त्याच्याबरोबर होतो तेव्हा त्याने दंडाला धरून मलाही एका काटेरी हेजमध्ये ओढलं. नवा स्वेटर उसवला. घरी आल्यावर माझ्या बायकोने, मानसीने, एवढंच विचारलं, "अरे, पण तू कशाला उभा राहिलास त्याच्याबरोबर? नंबर बाराची बाई नेबरहुड ग्रुपवर फोटो टाकेल आता."

योसेफा आमचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. पन्नाशी ओलांडलेला, दारात मावणार नाही असा रुंद. क्रूझच्या बंदरावर लोकांच्या बॅगा हलवायचं काम करतो. हा माणूस त्याच्या देशातला सगळ्यात वेगवान माणूस आहे, हे मला कळलं तेव्हा तो बसस्टॉपच्या थोडा अलीकडे उभा राहून, सुटणारी बस शांतपणे सुटू देत होता. मी धापा टाकत मागून आलो आणि म्हटलं, धाव की, मिळेल. "प्लेंटी रनवे," तो म्हणाला. म्हणजे रनवे पुष्कळ पडलाय, घाई कसली. बॉयलर बंद पडून मेकॅनिक चार दिवस आला नाही तरी त्याचं प्लेंटी रनवे असतं. माझ्यासारख्या पुण्याच्या माणसाला हे ऐकून आधी राग येतो, मग हेवा वाटतो.

हे शब्द आले त्याच्या देशातून. तुवालू हा त्याचा देश. पॅसिफिक समुद्रात दोरा पडावा तशी जमिनीची पट्टी, आणि त्या पट्टीवर लांब, सरळ, मोकळी अशी एकच जागा, ती म्हणजे विमानतळाचा रनवे. विमान आठवड्यातून मोजकंच येतं. बाकी वेळ रनवे गावाचा. ऊन उतरलं की तिथे फुटबॉल, व्हॉलीबॉल, प्रेमप्रकरणं, सगळं चालतं. उकाड्याच्या दिवसांत लोक चटया टाकून तिथेच झोपतात. डांबर कोमट असतं, दोन्ही बाजूंनी समुद्र ऐकू येतो, आणि झोपेत कळत नाही की आपण जमिनीवर आहोत की होडीत. विमान यायचं झालं की सायरन वाजतो आणि माणसं, कुत्री, डुकरं सगळी बाजूला होतात.

तो हे सांगायला लागला की माझा चहा हटकून गार होतो. खिडकीबाहेर शर्लीचा ओला, करडा रस्ता असतो आणि मला मात्र पाठीखाली ऊब जाणवायला लागते. मी कधी त्या बेटावर गेलो नाही, जाणारही नाही, पण तिथे मी बऱ्याचदा आडवा झालोय.

त्या रनवेवर अनवाणी धावून योसेफा चॅम्पियन झाला. एकदा ऐन फायनल अर्ध्यावर आली असताना सायरन वाजला. धावणारे आणि पंच गवतात जाऊन उभे राहिले, विमानातून कोणाच्या तरी लग्नाची मंडळी उतरली, त्यांची विचारपूस झाली आणि शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दोन्ही वेळा आपणच पुढे होतो, असं तो सांगतो. तपासायला तिकडे कोण जातंय.

अडचण फक्त वळणाची होती, कारण रनवेला वळण नसतं. शेजारच्या देशात स्पर्धेला गेला तेव्हा याने हौसेने दोनशे मीटरमध्येही नाव घातलं. ती शर्यत वळणावरच सुरू होते. बंदूक वाजली, बाकीचे वळले आणि योसेफा सरळ निघाला, तो कुंपणापाशी शहाळी विकणाऱ्या बाईसमोर जाऊन थांबला. तिने दया येऊन एक शहाळं फोडून दिलं. तेव्हापासून वळण या प्रकारावर त्याचा विश्वास नाही, आणि नशीब असं की राहायला मिळालं इंग्लंड, जिथे पावलोपावली राउंडअबाउट. योसेफा तिथे सायकलवरून उतरतो आणि मधल्या फुलझाडांतून सायकल ढकलत सरळ पलीकडे जातो. कौन्सिलचा माळी हल्ली मध्ये थोडी जागा सोडूनच रोपं लावतो, असं मला वाटतं.

पुढे तो एका मोठ्या जागतिक स्पर्धेत, सरळ रेषेतली शंभर मीटरची शर्यत धावला. तिथल्या एका स्टँडमध्येच त्याच्या अख्ख्या देशापेक्षा जास्त माणसं होती. पहिल्याच फेरीत तो शेवटचा आला. टीव्हीवर दिसला तोही बुटाची नाडी बांधताना. पण ती धाव त्याच्या देशातल्या कोणाही माणसाची सर्वांत वेगवान धाव ठरली आणि राष्ट्रीय विक्रम त्याच्या नावावर जमा झाला. मग तो बोटीवर खलाशी झाला, बोटीने इथे आणून सोडलं, इथल्याच मुलीशी लग्न झालं. ती आजारपणात गेली आणि हा मागे राहिला.

त्यांच्या राष्ट्रीय दिनाला रनवेवर शर्यती होतात. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. योसेफा चुलतबहिणीला फोन करतो आणि मग आमची बेल वाजवतो. "रेकॉर्ड अजून आहे," दारातच सांगतो. पहिल्या वर्षी मानसीने हौसेने मिल्क पावडरचे मायक्रोवेव्हमधले पेढे केले, आमच्याकडे चांगल्या बातमीला हे लागतंच असं त्याला समजावलं, आणि तो रिवाजच पडला. तो पेढा औषधासारखा गिळायचा. मला वाटायचं, थोर लोक नम्र असतात. गेल्या वर्षी तर मी म्हणालो, आता हे रेकॉर्ड कोणाचा बाप मोडत नाही. त्याने दुसरा पेढा बशीत तसाच ठेवला.

तुवालूचं नाव बातम्यांत येतं ते समुद्र वर चढतोय म्हणून. बसस्टॉपवर कोणीतरी कळवळून त्याला विचारतं, तुमचं बेट अजून किती दिवस? तेव्हाही तो प्लेंटी रनवे म्हणतो, पण हसत नाही. तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला, न्यूझीलंडला निघून चालली आहेत, बहिणीच्या आळीत दारं बंद आहेत, असं एकदा बोलला आणि लगेच पावसावर गेला.

यंदा मानसी पेढ्यांचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवत असतानाच बेल वाजली. योसेफा दारात होता, डोळे लाल, गाल ओले. "मोडलं," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सॉरी म्हणालो, कधी ना कधी हे व्हायचंच वगैरे म्हणालो. मानसीने हळूच मायक्रोवेव्ह बंद केला.

"बंद का केलंस?" त्याने विचारलं. "चांगल्या बातमीला करता ना तुम्ही?"

"अरे, पण तुझं रेकॉर्ड गेलं," मी म्हणालो.

"गेल्या वर्षी शर्यतीला कोणी उभंच राहिलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, रेकॉर्ड अजून आहे. धावायलाच कोणी नाही, तर ते जाणार कुठे?"

मला गेल्या वर्षीची ती बशी आठवली, तिच्यात तसाच राहिलेला पेढा आठवला. कोण आहे तो मुलगा, मानसीने विचारलं. योसेफाला माहीत नव्हतं. बहिणीने नाव सांगितलं होतं, पण रनवेवर इतका आरडाओरडा चालला होता की ऐकूच आलं नाही. तो आरडाओरडा ऐकत हा फोन कानाला लावून बसून राहिला होता. अनवाणी धावला म्हणे, एवढं मात्र कळलं होतं.

"थोडंसुद्धा वाईट नाही वाटलं तुला?" मानसी म्हणाली.

"इतकी वर्षं त्या रनवेवर मी एकटा होतो," तो म्हणाला. "आता आम्ही दोघं आहोत."

पेढे झाले. ते आपल्या हातानेच वाटायचे असं त्याने ठरवलं, म्हणून आम्ही तिघं डबा घेऊन दारोदार निघालो. नंबर बाराच्या बाईने दोन घेतले. तिच्या गेटबाहेर येतोय तोच मोठ्या रस्त्याने अँब्युलन्सचा सायरन ऐकू आला, आणि या वेळी मानसीच आधी मागे फिरून गवतात जाऊन उभी राहिली. आम्ही तिच्या शेजारी उभे राहिलो आणि वर बघायला लागलो. करडं आभाळ होतं, आणि मला पायाखाली ते कोमट डांबर अगदी स्पष्ट लागत होतं. आवाज दूर जात जात विरला. योसेफा नेहमीपेक्षा बराच वेळ वर बघत राहिला. मग "लँडेड" म्हणाला आणि पुढच्या घराची बेल वाजवायला गेला.