ताटाची हजेरी

पुंडलिक सर जेवायच्या आधी ताटाची हजेरी घ्यायचे. हात जोडणं, घास काढून ठेवणं, ते सगळं नंतर. आधी हजेरी.

"कार्बोहायड्रेट!" असं ओरडून भाकरीवर बोट ठेवायचे आणि भाकरीच्या वतीने स्वतःच म्हणायचे, "हजर सर!" मग डाळ. "प्रोटीन!" "हजर सर!" मग डाळीवरचं तेल. "लिपिड! वर काय पोहतोस, खाली बस!" शेवटी ताटावर वाकून हळूच, "न्यूक्लिक ॲसिड?" हे तर कुठेच दिसत नाही. सर म्हणायचे, "दिसत नाही म्हणून गैरहजर लावू नको. प्रत्येक दाण्यात लपून बसलंय. वात्रट पोरगं."

हे सगळं विसरवाडीला, हायवेवर, माझ्या हॉटेलात. नवा ट्रकवाला असला की त्याचा घास हातातच राहायचा. एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, डाळमा काय टाकस रे तू?"

सर बारावीला बायोलॉजी शिकवायचे. रिटायर झाले तरी दर वर्षी बोर्डाच्या परीक्षेआधी कॉलेजवाले त्यांना एका तासासाठी बोलवायचे. धडा एकच, अंगातल्या ह्या चार मोठ्या रेणूंचा. सर माझ्याकडून भरलेलं ताट न्यायचे, वर्गात हजेरी घ्यायचे. पोरं पोट धरून हसायची आणि पेपरात नीट लिहून यायची. डोंगरातून आलेली, घरी आदिवासी कोकणी बोलणारी पोरंसुद्धा.

मागच्या वर्षी सर मध्येच अडखळले. म्हणून यंदा बायोलॉजीच्या नव्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही आता आराम करा." सरांनी गयावया करून तास मागून घेतला आणि तडक माझ्याकडे आले. "सुपडू, ह्या खेपेला चुकलो तर परत बोलवणार नाहीत. रोज सकाळी माझी रिव्हिजन घे."

माझ्याकडे! मी शाळेत एकदाच गेलोय. आमची बकरी आत शिरली होती, तिला हाकलायला.

"सर, माले काय समजस त्यामा?"

"तुले काय समजानं शे? मी बोलसू, तू ऐक. चुकलो की सांग."

झालं. सर बोलायचे, मी मिरच्या तळायचो आणि दर वाक्याला म्हणायचो, "बरोबर शे सर." साखरेचे कण हात धरून रांगेत उभे राहिले की स्टार्च होतं म्हणे. बरोबर शे. अमिनो ॲसिडचे मणी ओवले की प्रोटीन. बरोबर शे. बायको म्हणाली, "तुम्हले काय समजस ते, इतली मुंडी हालाडतस?" म्हटलं, "मुंडी हालाडाले काय लागस? आपला बैल बी हालाडस."

सर मात्र रोज जास्त खूश. माझी मुंडी जितकी जोरात हाले, तितका त्यांचा आवाज खणखणीत व्हायचा.

तासाच्या दिवशी मी सरांना गाडीवर मागे बसवलं. ताट त्यांच्या मांडीवर, वर फडकं. वर्गात सरांनी पोरांना वाकून नमस्कार केला, पोरं खूश. भाकरीची हजेरी झकास झाली. मग सरांनी डाळीची वाटी उचलली आणि ओरडले, "लिपिड!"

पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, डाळ म्हणजे प्रोटीन ना?"

सर थांबले. वाटी जरा तिरपी करून आत बघितलं, जणू तळाशी लिहिलेलं असेल. मग दारात उभ्या माझ्याकडे बघितलं. "सुपडू, आपण रोज काय म्हणत होतो?"

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मला येत होतं तेवढंच मी बोललो. "बरोबर शे सर."

वर्ग फुटला हसून. मीही हसलो, लोक हसले की मी हसतो, सवयच आहे. सर हसले नाहीत. मॅडमनी त्यांच्या हातातून हळूच वाटी घेतली, "सर, पाणी घ्या" म्हणाल्या आणि उरलेला धडा स्वतः फळ्यावर घेतला. सर मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडम प्रश्न विचारत होत्या तेव्हा एकदा त्यांचा हात अर्धा वर गेला. मग खाली आला.

परत येताना सरांनी मांडीवरच्या ताटावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाले, "कधीपासून चुकत होतो रे?"

"सर, खरं सांगू? मी ऐकतच नव्हतो. समजत नाही ते काय ऐकायचं?"

मला वाटलं आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"आमची ही पण शाळेत गेलेली नव्हती," सर म्हणाले. "मी अंगणात खाटेवर बसून दुसऱ्या दिवशीचा तास मोठ्याने बोलून बघायचो, ती आत भाकरी थापायची. कधी काही विचारलं नाही. पण दर वर्षी तेच ऐकून तिला पाठ झालेलं; मी चुकलो, की आतून भांडं आपटायची. सुरुवातीला वाटायचं, रागावली."

पुढे ट्रक होता. मी गाडी हळू केली.

"ती गेल्यापासून घरात काही वाजत नाही. तुझ्या हॉटेलात दिवसभर भांडी आपटतात. वाटायचं, त्यातलं एखादं माझ्यासाठी असेल."

हो म्हणायला मला कधी वेळ लागत नाही. त्या दिवशी तोंडातून निघालं नाही.