धूर दिसला की भाव पडतो

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दामूअण्णा रोज सकाळी गाड्यांचा ताप बघतात. सगळ्या नव्हे, फक्त विजेवर चालणाऱ्या, आणि त्यातही एकाच कंपनीच्या. बॉनेटवर पालथा हात ठेवायचा, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि पुढच्या गाडीकडे वळायचं. फेरी संपली की भेटेल त्याला सांगतात, "गार हायत सगळ्या. आज भाव पडायचा न्हाई."

अण्णा चाकणच्या पुढचे, राजगुरुनगरच्या वाटेवरल्या एका गावचे. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, तिच्यावर या मोटारकंपनीचा कारखाना उभा राहिला, आणि अण्णा बाडबिस्तरा घेऊन मोशीत माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले. पुढे कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा अण्णांनी ते घेतले आणि मग घेतच राहिले. फोनवरची ती खटपट त्यांना जमत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी मूळचा लातूरकडचा, एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरीला. मोशीत राहून माझे केस पांढरे झाले, तरी अण्णा मला अजून "पाव्हणं" म्हणतात.

अण्णांचा सिद्धान्त असा की धूर दिसला की भाव पडतो. हसण्यासारखा वाटतो, पण खोटा नाही. कुठे गाडी पेटल्याचा एखादा व्हिडिओ फिरू लागला की दुसऱ्या दिवशी शेअर घसरतो. मग कंपनी खुलासा करते की ती गाडी आमची नव्हेच. भाव पुन्हा वर सरकतो, पण होता तिथवर काही पोचत नाही. "जातो हत्तीच्या पावलानं आन् येतो मुंगीच्या," अण्णा म्हणतात.

त्यामुळे सोसायटीतल्या धुरावर त्यांची कडक पाळत असते. झाडलोट करणाऱ्या बाईंनी कोपऱ्यात पाला पेटवला की अण्णा बादली घेऊन हजर. एकदा आमच्याकडे शेंगदाणे करपले, तर दारावरची बेल वाजली. "वहिनी, खिडकी लावून घ्या. धूर समदा पार्किंगात चाललाय." होळीला तर त्यांनी रचलेली लाकडं उचलून पाण्याच्या टाकीमागे न्यायला लावली, कारण जवळच चेअरमनची तसली गाडी उभी होती. कुणी फोटो काढून गाडी पेटली म्हणून पुढे पाठवला तर, ही त्यांची भीती.

चेअरमन वैतागून म्हणाले, "अण्णा, आपल्या होळीनं बाजार पडत नसतो. बघणाऱ्याला कळतं की."

"बाजाराला डोळं कुठं असत्यात, चेअरमन? त्याला नुसतं नाक असतंय."

मला वाटायचं, माणूस लोभी आहे. जमिनीचे पैसे मिळाले, आता ते दुप्पट व्हायची घाई लागली आहे. आमच्या पट्ट्यात अशी माणसं पैशाला पासरी. अर्थात अण्णांचं बघून थोडे शेअर मीही घेतले होते, तेव्हा मी काही फार बोलण्यात अर्थ नव्हता.

दिवाळीनंतर मात्र खरंच या कंपनीच्या दोन गाड्या पेटल्या. माणसं वाचली. कंपनीनेच जाहीर केलं की काही बॅटऱ्यांत दोष आहे, गाड्या तपासायला आणा. शेअर जो घसरणीला लागला तो थांबेचना. मी माझे विकून मोकळा झालो. अण्णांची सकाळची फेरी चालूच होती, पण आता ते प्रत्येक गाडीवाल्याला अडवून सांगत होते, "आदी गाडी दाखवून आना. आत लेकरं बसत्यात. भावाचं मी बघतो."

भावाचं ते काय बघणार होते कोण जाणे. त्यांचा मुलगा संतोष चाकणला टेम्पोचा धंदा करतो, तो माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, अण्णांना समजवा. आज विकले तर निम्मे तरी हाताला लागतील. आम्ही विषय काढला की उठून जातात. तुम्हीच फोनवरून विकून टाका, राव."

आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि बाजार त्या दिवशी चालू. दुपारी मी अण्णांकडे गेलो. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"संतोषनं धाडलं व्हय?"

"हो. पण मलाही तसंच वाटतं, अण्णा. विकून टाका. अजून पडेल."

"इकल्यावर तिथं आपलं काय ऱ्हातं?"

"काहीच नाही. पैसे येतात, संबंध संपतो."

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, "दामू, रान कसं हाय रं?"

ती अण्णांची आई. नव्वदीला आलेली, अंथरुणाला खिळलेली. हल्ली तिला नातवंडांची नावं आठवत नाहीत. जमीन गेल्याचं तर ती केव्हाच विसरली.

अण्णांनी माझ्या हातातला फोन आपल्याकडे वळवला आणि तांबडा आकडा नीट पाहिला. "औंदा करपलंय, आये. पर हाय आपलंच."

मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "रोज पुसती. जमीन गेल्यावर आमी खोटं सांगायचो, रान बेस हाय म्हनून. आईला खोटं सांगून घास उतरत न्हवता, पाव्हणं. मग ह्ये शेअर निघालं. थोडं का हुईना, तिथलं आपलं झालं. तवापासनं खोटं बोलाया लागलं न्हाई. भाव चढला की पीक बरं हाय म्हनतो, पडला की पावसाची ओढ हाय म्हनतो. आता इकलं तर तिला काय सांगू?"

विकायचं बटण समोर होतं, पण बोट हलेना.

आतून पुन्हा आवाज आला. म्हातारी इतका वेळ विचार करत असावी. "करपलंय तर पानी दे की, दामू."

"देतो, आये." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या भावात आनखी थोडं घ्या, पाव्हणं."

संतोषला काय तोंड दाखवायचं हा विचार मनात आला, तो बाजूला ठेवला आणि घेऊन दिले. व्यवहार झाल्याची खूण अण्णांना दाखवली. ते उठले, आतल्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सोडलंय पानी."