गांगुर्डे साहेबांची लाल चिठ्ठी

लायब्ररीचं पुस्तक परत करताना लोक त्यात काय काय विसरतात. बसचं तिकीट, लाइटचं बिल, एका बाईंचा तर कंगवा निघाला होता. गांगुर्डे साहेब काही विसरत नसत. ते पुस्तकाला सुतळीने लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून आणायचे. पहिल्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "पान ४०, खलाशाला पोहता येतं. पान २१२, खलाशी बुडाला. रिजेक्ट."

"हे काय?" मी विचारलं.

"माल परत पाठवताना कारण लिहावं लागतं, मॅडम."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदिरानगरात घराच्या पुढच्या खोलीत माझी लायब्ररी होती. एका कोपऱ्यात वह्या, पेनं आणि कोऱ्या कॅसेटीही ठेवायचे, कारण नुसत्या पुस्तकांवर घर चालत नाही. गांगुर्डे साहेब मूळचे निफाडचे. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात. विमानाचा सुटा भाग हातात घ्यायचा आणि चिठ्ठी बांधायची: लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला, हिरवी म्हणजे पास. निवृत्तीनंतर विमानं सुटली, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. आमच्या भाजीवालीच्या गवारीला त्यांनी एकदा पिवळी बांधली होती. तिने ती गवार त्यांच्याच पिशवीत कोंबली.

ते वाचायचे एकाच जातीची कादंबरी. दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडतात, तसली. दोन बायका असल्या तरी चालायचं. मला हे आधी माहीत नव्हतं. मी मुंबईच्या फुटपाथवरून इंग्रजी कादंबऱ्या वजनावर आणायचे आणि कव्हर बघून रॅकमध्ये लावायचे. त्या खलाशाच्या पुस्तकावर जहाज होतं, दोन उघडे पुरुष होते. मी ते साहसकथांत लावलं.

"मॅडम, हे चुकीच्या रॅकला आहे," साहेब म्हणाले.

"का? जहाज आहे की."

"जहाज आहे. पण जहाजात जे आहे ते वाचा."

मी वाचलं. मग काढून प्रेमकथांत लावलं. मला विशेष काही वाटलं नाही. बावीस वर्षं संसार केलेल्या बाईला दुसऱ्यांच्या प्रेमाचा धक्का बसत नाही, वाटला तर हेवाच वाटतो.

साहेब राहायचे विसपुते सरांबरोबर. सर चित्रकलेचे शिक्षक. दोघं बिनलग्नाचे. आधी ओझरला एका क्वार्टरमध्ये, मग आमच्या कॉलनीत एका फ्लॅटमध्ये. दारावर दोन्ही नावं, एकाच पाटीवर, सरांच्या अक्षरात. कॉलनीत त्यांना कोणी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

साहेबांचं मुख्य म्हणणं असं, की या पुस्तकांत दोघांपैकी एक मरतोच. बोट हलवत सांगायचे, "बुडायला समुद्र, पडायला डोंगर, नाहीतर न्यूमोनिया. तीस वर्षांत मी इतके नग नापास केले नाहीत. आणि जे मरत नाहीत ते स्टेशनवर रडत उभे. यांच्या घरात चहा होत नाही का? भाजी कोणी आणायची यावरून भांडण होत नाही?"

"भाजीचं भांडण वाचायला लोक पुस्तक कशाला नेतील?"

"मी नेईन."

रागावले की त्यांच्यातला निफाडकर बाहेर यायचा. "लय झालं हे मरण. लेखकाला काय जातंय? त्याला दुसऱ्या दिवशी त्या घरात उठायचं नाय."

गंमत म्हणजे लाल चिठ्ठ्यांमुळे माझा धंदा वाढला. दुपारी येणाऱ्या बायका रॅककडे बघतही नसत. थेट विचारायच्या, "लाल चिठ्ठीचं आलंय का काही? जरा छान रडायला होईल असं." साहेबांना हे कळलं तेव्हा ते दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्याकडचा भंगार मालही लिलावात लोक हौसेने न्यायचे."

दोन हजारनंतर सरांना काचबिंदूने दिसेनासं झालं. चित्रकलेच्या मास्तरला हे व्हावं, पण ते स्वतः त्याबद्दल एवढंच म्हणायचे, "बरं झालं, गांगुर्डेंनी भिंतींना कुठला रंग दिलाय ते बघावं लागत नाही." साहेबांच्या भाच्याने अमेरिकेहून कॅसेटवर वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या पाठवल्या. साहेबांनी मागवल्या होत्या त्याच जातीच्या. आठवड्यात पेटी माझ्या टेबलावर, वर लाल चिठ्ठी.

"आता काय झालं?"

"एकच माणूस दोघांचे आवाज काढतो. एकाचा वाघासारखा, दुसऱ्याचा मांजरासारखा. दोन पुरुष म्हटले की एकाला मांजर करायलाच पाहिजे का? आणि जरा जवळ आले की व्हायोलिन वाजतं. सर दर वेळी विचारतात, 'कोण गेलं?'"

मग ते माझ्याकडून कोऱ्या कॅसेटी नेऊ लागले. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून ते मराठीत सांगत सांगत कॅसेट भरायचे. साहेब भाजीला, औषधाला बाहेर गेले की सर ती लावून बसायचे.

त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी सरांचं हृदय फार थकलंय असं सांगितलं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि पुस्तक न मागता खुर्चीवर बसले.

"मॅडम, एक धड पुस्तक बघा. शेवटपर्यंत दोघं पाहिजेत. सर ऐकतायत तोवर मला एक हिरवं पाहिजे."

मी मुंबईला दोन फेऱ्या मारल्या. फुटपाथवर उभं राहून प्रत्येक पुस्तकाची शेवटची तीन पानं वाचायची, एवढंच काम. एकात दरी, एकात ताप, एकात युद्ध. विक्रेता म्हणाला, "बाई, पुढून वाचा की." मी रिकाम्या हाताने परत आले. ते सांगितल्यावर साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग तो खलाशीच द्या परत."

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं, आणि पिशवीच्या तळाशी एक कॅसेट राहिली होती. तिला बारकी पिवळी चिठ्ठी. कोणाची आहे हे कळायला ऐकावीच लागते, असं मी स्वतःला सांगितलं आणि टेपमध्ये घातली.

साहेबांचा आवाज. मागे कुकरच्या शिट्ट्या. खलाशी लाटेत पडला, जहाज पुढे गेलं. पान दोनशे बारा. मी शेवट जाणून होते.

"...पण त्याला पोहता येत होतं," साहेब वाचत होते, म्हणजे आता वाचत नव्हते, मनाने सांगत होते. "पोहत पोहत तो किनाऱ्याला लागला. घरी आला तर दुसरा दारात उभा. म्हणाला, किती वेळ? चहा दोनदा गरम केला."

मग दुसरा आवाज आला, दमलेला. "भाजी आणली का त्यानं?"

"आणली."

"कुठली?"

"मेथी."

"समुद्रातून येताना मेथी?"

"मनोहर, तू गप ऐक ना रे."

मग दोघांचं हसणं, त्यातच खोकला, आणि खट्‌कन कॅसेट बंद. चारचौघांत ते एकमेकांना 'सर' आणि 'साहेब' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मी कॅसेट खोक्यात घातली आणि संध्याकाळी त्यांच्या दारात नेऊन दिली. म्हटलं, "पिशवीत राहिली होती."

दिवाळीआधी सर गेले.

तीन महिने साहेब फिरकले नाहीत. त्या दरम्यान एका जुन्या गठ्ठ्यात मला त्यांना हवं होतं तसं पुस्तक सापडलं. दोन म्हातारे, बेकरी चालवणारे, शेवटच्या पानावर पाव जळल्यावरून भांडत होते. दोघंही ठणठणीत. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. ठेवून काय उपयोग, हे मला कळत होतं.

ते आले. मी पुस्तक पुढे सरकवलं. त्यांनी शेवटची पानं उभ्यानेच वाचली. खिशातून हिरवी चिठ्ठी काढली, तिच्या कडा मऊ झाल्या होत्या, आणि नीट गाठ मारून पुस्तकाला बांधली.

"माल चांगला आहे," ते म्हणाले आणि पुस्तक माझ्याकडे परत सरकवलं. "दुसऱ्या कोणाला द्या. मला लाल द्या एखादं."

"लाल?"

"मागे राहतो त्याचं. पुढे तो काय करतो, एवढंच बघायचंय."

मी रॅककडे बघितलं. सगळ्या लाल पुस्तकांची शेवटची पानं मला पाठ होती. एक मरतो, दुसरा खिडकीशी उभा राहतो, आणि लेखक पुस्तक मिटतो. सकाळी उठून दूध घ्यायला कोणी जात नाही.

"तसलं आपल्याकडे नाही," मी म्हटलं. खणातून एक कोरी कॅसेट काढून त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्हीच भरा. नव्वद मिनिटांची आहे."

त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून तपासली.

"पुरायची नाय," ते म्हणाले.

मी आणखी एक काढून दिली.