नामदेवभाऊंची सुई

आमचे शेजारी नामदेवभाऊ सुई टोचून घ्यायला निघाले की इस्त्रीचा सदरा घालतात आणि मिशीला तेल लावतात. मूल गावात या माणसाने आयुष्यभर टपाल वाटलं. निवृत्तीनंतर थैली गेली, खांद्याचं दुखणं राहिलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चंद्रपूरचा एक डॉक्टर गाठला, आणि तेव्हापासून गोळी खाणाऱ्या माणसाची त्यांना कीव येते.

"गोळी म्हणजे साधं टपाल, गुरुजी. पोटात कुठी फिरन, काई भरोसा नाई. सुई म्हणजे रजिस्टर! ज्याचं त्याच्या हातात."

एकदा डॉक्टरने त्यांचंच रक्त काढलं, यंत्रात फिरवलं आणि खांद्यात टोचलं. भाऊ आठवडाभर गल्लीत सांगत होते, "रिडायरेक्ट केलं! माल आपलाच, पत्ता बदलला." दुखतं का, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मुंगी चावल्यावानी बी नाई." खांदा किती सुधारला हे मात्र विचारायची सोय नव्हती. ते लगेच हात वर करून दाखवत आणि तो कानापाशी अडकून बसे.

खरी काळजी होती कौसल्याबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्याची; तो तीन वर्षांपासून दुखत होता. धानाच्या रोवणीत बायांच्या रांगेत त्या कायम पहिल्या. यंदा चिखलात उतरताच आलं नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून रोपांच्या पेंढ्या फेकत होत्या आणि फेकता फेकता रडल्या. डॉक्टरने साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन सुचवलं. काहींना गुण येतो, काहींना नाही, हेही सांगितलं.

"साखरेचं पानी?" बाई म्हणाल्या. "मंग चहातच टाका नं वाढवून. सुई नाई म्हणजे नाई."

भाऊ दोन महिने मागे लागले. शेवटी त्या कबूल झाल्या आणि मी गाडी काढली. दवाखान्यात खाटेवर बसल्यावर बाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "खरं सांगा. दुखते का?"

भाऊंचा मिशीवरचा हात खाली आला. मग म्हणाले, "दुखते. लय दुखते. खांद्याचं तं मी तसंच चालवून घेतलं असतं. तुले टोचाच्या आधी मले पाहाचं होतं, किती दुखते ते. दहा मोजेपर्यंत दुखते. मी मोजतो, तू हात धर."

इतका बढाईखोर माणूस मला त्या क्षणी फार आवडला.

डॉक्टरने सुई लावली. भाऊ मोजू लागले. पाचावर आवाज चिरकला, सहावर डोळे गच्च मिटले, सातानंतर आकडाच निघेना.

कौसल्याबाई मोकळ्या हाताने त्यांची पाठ थोपटत म्हणाल्या, "आठ. नऊ. झालं नं, झालं."