खडकवस्ती फाट्याची सामाजिक तक्रार

सोमवारी, बारा तारखेला, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पारनेरहून सुप्याकडे जाणारी एसटी खडकवस्ती फाट्यावर थांबली नाही. फाट्यावर थांब्याचा बोर्ड आहे. गाडी थांबते ती दीड किलोमीटर अलीकडे, गावच्या वेशीत. तिथे बोर्ड नाही.

यशोधरा हात वर करून उभी होती. सुप्याच्या एमआयडीसीत ती पॅकिंगला आहे. गेट सातला बंद होते. महिन्यात तीन लेटमार्क पडले की काम जाते. त्या दिवशीचा धरून तिचे दोन पडून झाले होते.

"वेशीत जाऊन चढावं, तर तिथली मान्सं म्हनत्यात, तुमचा थांबा फाट्याला हाय," सासू साळूबाई म्हणाली. "आता अर्जच कर, पोरी."

यशोधरा अर्ज घेऊन एसटीच्या आगारात गेली. तिथले लिपिक रंगनाथ रकान्याबाहेर न जाणारे गृहस्थ होते.

"गाडी नादुरुस्त होती का?"

"न्हाई साहेब. झ्याक पळत हुती."

"कंडक्टर जादा पैसे घेतो?"

"घ्यायला आदी गाडीत तर चढू द्या!"

रंगनाथांनी 'यांत्रिक' खोडले, 'आर्थिक' खोडले. उरला रकाना 'सामाजिक'. सामाजिक तक्रार समाजशास्त्राकडे जावी, हे उघड होते. अर्ज त्याच दिवशी कॉलेजच्या समाजशास्त्र विभागाकडे 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' रवाना झाला.

गुरुवारी सहा दहाची गाडी फाट्यावर थांबली. तीन प्राध्यापक उतरले. यशोधराने पायरीवर पाय ठेवला.

"ताई, प्लीज!" राजनंदिनी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही रोज इथे चढता का?"

"रोज थांबतीय कुठं?"

"मग आजही चढू नका. निरीक्षण बिघडेल."

गाडी गेली.

ज्ञानेश्वर सर कार्यवादी. समाजात जे जे आहे ते समाज टिकवण्याचे काही ना काही काम करतेच, असे त्यांचे मत. ते स्वतः एकवीस वर्षे नोकरीत टिकून होते. "गाडी न थांबण्यालाही कार्य आहे," ते म्हणाले. "वस्ती एकत्र येते, मिळून टेम्पो शोधते. एकोपा वाढतो."

"एकोपा?" संघर्षवादी योगेश सर कडाडले. "वेशीत थांबते, इथे थांबत नाही. ही सरळ सत्ता आहे, विषमता आहे!"

"आगदी बराबर बोल्ला, दादा," सुनेबरोबर फाट्यावर आलेली साळूबाई म्हणाली. "मंग थांबवा की."

"आत्ताच थांबवली तर अन्यायाची धार जाईल, मावशी. विसंगती अजून पिकली पाहिजे."

"आन् हिची नोकरी?"

"तीच तर विसंगती!"

माणसे एकमेकांच्या खुणांना काय अर्थ लावतात त्यातून समाज घडतो, असे राजनंदिनी मॅडम मानत. त्यांनी ड्रायव्हरला आधीच गाठले होते. "तो म्हणाला, बाई टाटा करतायत असं वाटलं."

"रोज?" यशोधरा म्हणाली. "मी त्याची कोन लागते?"

मॅडमनी हे लिहून घेतले. तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. त्यात कॅनवर बसून यशोधरा सहा अठ्ठावनला गेटात शिरली.

तिघांचे कशावरही एकमत झाले नाही, एक बाब सोडून: तीन वर्षे सखोल अभ्यास हवा आणि तोवर परिस्थिती जैसे थे राहावी. आगाराला तसे पत्र गेले. आगाराने आलेल्या पत्राची त्याच दिवशी अंमलबजावणी केल्याची ही पहिली नोंद आहे.

अंतरिम अहवालासाठी गाडीतल्या चव्वेचाळीस प्रवाशांकडून फॉर्म भरून घेण्यात आले. फाट्यावर हात करणारी बाई दिसते का? सर्वांना दिसते. पाहून काय वाटते? त्रेचाळीस जणांना फार वाईट वाटते, एकाला नुसते वाईट. मग आपण काय केले? या रकान्यात चव्वेचाळीस आडव्या रेघा आहेत. अहवाल छापून झाला. वाचणाऱ्यांनी तो वाचनीय असल्याचे कळवले आहे.

आज तीस तारीख. लेटमार्क अजून दोनच आहेत. इतके दिवस वेळेवर पोचवणारा दुधाचा टेम्पो आज आला नाही. सहा दहाची गाडी आली, यशोधराने हात वर केला. खड्ड्यामुळे गाडी जरा हळू झाली, तेव्हा खिडकीशी बसलेले कुणीतरी तिला दिसले. तो माणूस खडकवस्ती फाट्याबद्दलच वाचत होता. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिले. चेहऱ्यावर वाईट वाटल्याचे स्पष्ट दिसत होते. मग तो पुन्हा वाचू लागला. बेलची दोरी त्याच्या डोक्यावरच होती.

आता सहा वाजून अकरा मिनिटे झाली आहेत.