पातळीचा रकाना

आमच्या बियाणे तपासणी केंद्रात साहेबांनी एखाद्यावर विनोद केला आणि बाकीचे हसले, की तो माणूस बोटभर जमिनीत जातो. उलट, खाली गेलेल्या माणसाला हसवायला कुणी विनोद सांगितला आणि तो पोटातून हसला, तर बोटभर वर येतो. हजेरीपटात यासाठी 'पातळी' असा रकाना आहे. तो मी भरतो, कारण आस्थापना लिपिक मी आहे.

विश्वंभर डोईफोडे बावीस बोटं खाली होते, म्हणजे गुडघ्यापर्यंत. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि आठव्या दिवशी कोंब मोजायचे, हे त्यांचं काम. ते तीनदा मोजत. "डोईफोडे मोजतील तोवर कणसं लागतील," असं जुने साहेब म्हणायचे आणि आम्ही हसायचो. मी सगळ्यांच्या आधी. साहेबांच्या विनोदाला न हसणारा कारकून अजून भरती व्हायचा आहे. सतरा वर्षं माझ्या नावापुढे 'जमिनीवर' हाच शेरा होता, तो काही उगाच नाही.

घोट्यापर्यंत गेलेला माणूस सुटीच्या वेळी दोघांना मिळून उपटता येतो. गुडघ्यापर्यंत गेलेला येत नाही. डोईफोडे एकोणीस दिवस घरी गेले नव्हते. डबा घरून यायचा. मध्यंतरी साहेबांची बदली झाली आणि निरोप समारंभात त्यांनी शेवटचा विनोदही डोईफोड्यांवरच केला. बांधकाम विभागाला पत्र लिहिलं. फरशी सुस्थितीत असल्याने फोडता येणार नाही, असं उत्तर आलं.

नव्या मॅडम, वत्सला गुंजाळ, सोमवारी रुजू झाल्या. शुक्रवारी सकाळी डोईफोड्यांनी त्यांच्याकडे शनिवारच्या रजेचा अर्ज दिला.

"पोरीचा साखरपुडा हाय मॅडम, परवा."

मॅडमनी अर्ज वाचला, मग फरशीकडे पाहिलं. "रजा मंजूर आहे. पण जाणार कसे?"

"त्येच तर."

मुख्य कार्यालयाने व्यवस्थापकांसाठी विनोदांची एक पुस्तिका पाठवली होती. मॅडमनी त्यातला पहिला विनोद वाचून दाखवला. कुणी हसलं नाही. "चांगला व्हता," डोईफोडे भिडेखातर म्हणाले. पातळीत फरक नाही, अशी मी नोंद केली.

मॅडमनी पुस्तिका मिटली आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

"मी नोकरीला नवीन होते तेव्हाची गोष्ट. ज्वारीचा एक नमुना मी आठ दिवस पाणी शिंपडून जिवापाड जपला. आठव्या दिवशी एक कोंब नाही. अहवाल लिहिला, 'बियाणे पूर्णतः निकामी.' सही, शिक्का, सगळं केलं. मग ज्वारीची पुडी माझ्याच खणात सापडली. दाणे मांडलेच नव्हते."

डोईफोड्यांचे खांदे हलायला लागले. "म्हंजे... नुसत्या कागदाला पानी?"

"आठ दिवस. सुटीच्या दिवशीसुद्धा येऊन."

डोईफोडे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. फरशीतून बूच उघडल्यासारखा आवाज आला. डोईफोडे एकवीस, मॅडम एक; विनोद स्वतःवर केला, तर सांगणाराच खाली जातो.

मॅडमकडे चुकांचा तुटवडा नव्हता. जेवणाच्या सुटीनंतर डोईफोड्यांचे घोटे दिसले, साडेचारला चपला. त्यांनी फरशीवर पाय आपटून पाहिले. मॅडम गुडघ्यापर्यंत खाली होत्या.

"आता तुमचं कसं वो? म्या माझी एक चूक सांगतो..."

"तुम्ही तोंड उघडायचं नाही. हा कार्यालयीन आदेश समजा. घरी जा, वहिनी वाट बघत असतील."

डोईफोडे डबा घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "तुमाला हितं रोवून ठिऊन म्या पोरीच्या साखरपुड्यात कसा बसू, मॅडम?"

मला लाज वाटली. त्या बावीस बोटांतलं एकही माझ्या हसण्यावाचून गेलेलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी एकदा माझ्याच लग्नाच्या रजेचा अर्ज परत पाठवला होता. सोबत पत्रिका जोडलेली नव्हती म्हणून."

"मग?"

"स्मरणपत्रही मीच काढलं. त्याला उत्तर दिलं नाही म्हणून स्वतःला ताकीद दिली."

मॅडम स्टूल धरून हसल्या. माझ्या टाचांखालची फरशी मऊ झाली. जमीन अशी गार लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

मग शिपाई राधाबाई खरात पुढे झाल्या. "म्या तुमच्या नमुन्यातल्या मुगाची उसळ केल्ती एकदा. साहेबांनी दोनदा मागून खाल्ली." एकेक जण उठून आपली चूक सांगू लागला. मॅडम आणि डोईफोडे सोडून आम्ही दहा जण. प्रत्येकाने दोन-दोन सांगितल्या. सहा वाजता आम्ही एकमेकांना उपटलं आणि घरी गेलो. रविवारी सगळे साखरपुड्याला होतो. डोईफोड्यांनी पेढे तीनदा मोजले.

सोमवारी सगळे आपापल्या खळग्यात उभे राहिले आणि मी हजेरीपट भरला. डोईफोडे: जमिनीवर. मॅडम: दोन बोटं. मग माझ्या नावाशी आलो. सवयीने 'जमि' एवढं लिहून झालं होतं. ते खोडलं, पुढे 'दोन बोटं' लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली.