घरातली प्रशिक्षणार्थी

रविवारी सकाळी सूनबाईने घरातल्या सगळ्यांना टेबलाशी बसवले आणि विचारले, "तुमच्यापैकी कोणाच्या कामाचं मी विश्लेषण करू?"

चहाचे कप ओठांपर्यंत जाता जाता थांबले.

सूनबाई कुलपांच्या कारखान्यात कर्मचारी विभागात होती. नोकरी अजून कच्ची होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना तिने एक नवी पद्धत करून दाखवायची होती. ती पटली तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. पद्धत तशी साधी. एखादा माणूस काम करत असताना त्याला शांतपणे बघायचे. तो काय करतो, कशाने करतो, कुठे अडतो, ते लिहायचे. मग भोवतालच्या चार जणांनी त्याला एक ते पाच गुण द्यायचे. चौघांचे गुण साधारण जुळले, की पद्धत खरी. कारखान्यातला एक फिटर यासाठी तयार झाला होता, पण आदल्या दिवशीच तो तापाने अंथरुणाला खिळला.

"माझं काम घरी दिसत नाही," नवरा म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता. "तुझा दात दुखत असेल तर सांग, दाखवतो."

"मला काही कामच नसतं," निवृत्त शिक्षक असलेले सासरे म्हणाले. "तुझी सासू रोज सांगते तसं."

"आणि माझ्यामागे वही घेऊन फिरलीस," सासूबाई म्हणाल्या, "तर आजचा स्वयंपाक तुझ्याकडे."

तेवढ्यात टेबलाखालून पत्र्याचा डबा आपटल्याचा आवाज आला. चौघांनी वाकून बघितले. खाली सूनबाईची लेक गुंडी बसली होती. वय अकरा महिने. तिचे काम जोरात चालू होते, आणि हरकत घेण्याइतके तिला बोलता येत नव्हते.

"हिचं कसलं काम?" नवऱ्याने विचारले.

"तेच बघायचंय," सूनबाई म्हणाली आणि वही घेऊन फरशीवर बसली.

सुरुवातीला तिला वाटले, यात लिहिण्यासारखे काय आहे? गुंडी डबा टाकते, उचलते, पुन्हा टाकते. मग लक्षात आले, की दर वेळी ती तो वेगळ्या जागी टाकते आहे. फरशीवर खणकन. सतरंजीवर दबका. आजोबांच्या पायावर टाकला तर "अयाई गं!" या तिसऱ्या आवाजावर तिचा विश्वास बसला नाही. तिने तो पुन्हा तपासून घेतला.

नंतर झाकण. उलटे लावले, बसेना. आडवे लावले, बसेना. चाटून बघितले. मग कसे कोण जाणे, झाकण बसले. गुंडीने मान वर करून सगळ्या घराकडे बघितले. आणि लगेच ते काढून टाकले, कारण एकदा जमले म्हणजे जमले असे नव्हे.

नवरा चेष्टा करायला आला होता, तो मांडी घालून बसला. "हिला सुट्टी कधी असते गं?"

"झोपेत."

"झोपेतही बोटं चालू असतात हिची. मी बघितलंय."

खिडकीतून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडला होता. गुंडी रांगत तिथे गेली आणि तो उचलू लागली. चिमटीत धरायचा प्रयत्न केला, मूठ मिटली, उघडून बघितली. ऊन हातावर होते, पण हातात नव्हते. तिने पुन्हा मूठ मिटली. सासऱ्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

"जन्मभर शिकवलं मी," ते हळूच म्हणाले. "पण एवढं मन लावून शिकताना कोणाला बघितलं नाही. का मीच बघितलं नाही, देव जाणे."

इथवर सगळे छान चालले होते. बिघडले ते गुण देताना.

सासऱ्यांनी सगळीकडे पाच गुण दिले.

"बाबा, स्वच्छतेतही पाच? तिच्या केसांत केळं आहे."

"शोभतंय तिला."

नवऱ्याने सगळीकडे तीन दिले. "तीन दिले की कोणी भांडत नाही."

सासूबाईंनी सगळीकडे दोन दिले. "काल माझा चष्मा चावला तिनं."

"आई, वर्षभराचं काम बघायचं असतं."

"वर्षभराचं काम चावलेल्या चष्म्यातून दिसत नाही!"

चौथा गुण बाहेरच्या माणसाचा हवा, म्हणून शेजारच्या काकूंना बोलावले. काकूंनी गुंडीला खालून वरपर्यंत न्याहाळले. "चालते का?"

"धरून उभी राहते."

"हात्तिच्या! आमचा नातू या वयात जिना उतरायचा." आणि त्यांनी एक दिला.

"उतरायचा नव्हे, गडगडायचा," सासूबाई म्हणाल्या. "मी होते ना तेव्हा!" आणि वही ओढून त्यांनी आपले दोन खोडले, पाच केले. चष्म्याचा राग घरातला होता, काकूंचा बाहेरचा.

आता तर प्रश्न घराण्याच्या अब्रूचा झाला. गुंडी चालते हे सिद्ध करायचे ठरले. सासऱ्यांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला, नवऱ्याने बेडकासारख्या उड्या मारल्या, सासूबाईंनी तोच चष्मा पुढे धरला. गुंडी भिंतीला धरून उभी राहिली, एवढे डोळे आपल्यावर रोखलेले बघितले आणि धपकन खाली बसली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा सगळे श्वास रोखून बघू लागले, पुन्हा धपकन.

आणि घंटी वाजली. दारात मोठे साहेब होते.

"इथून चाललो होतो. तयारी बघावी म्हटलं."

मोठे साहेब कमी बोलत आणि जास्त बघत. त्यांनी नुसते बघितले तरी उघडी कुलपे आपोआप लागतात, असे कारखान्यात म्हणत. ते खुर्चीत बसले आणि सूनबाईची वही वाचू लागले. वर तिने लिहिले होते: 'पद: प्रशिक्षणार्थी'. नुसते 'बाळ' लिहायला तिला धीर झाला नव्हता.

"'पडल्यावर लगेच उठून तेच काम पुन्हा करणे,'" साहेब वाचू लागले. "'काम अडल्यास दुसऱ्याला दोष न देणे. नवी वस्तू सर्व बाजूंनी तपासणे. जमलेलं काम मोडून पुन्हा करून बघणे.'" त्यांनी मान वर केली. त्यांचा आवाज बदलला होता. "हा माणूस आपल्याकडे आहे?"

"आहे... म्हणजे..."

"कोणत्या खात्यात?"

"सध्या सगळ्याच," सूनबाई कशीबशी म्हणाली.

"आणि अशा माणसाला एक गुण कोणी दिला?"

"अगंबाई, माझं दूध उतू जातंय," म्हणत काकू निघून गेल्या.

"आणि हे सगळीकडे तीन?"

नवरा पाणी आणायला आत गेला.

साहेब पुन्हा वहीत बघू लागले. "एकीकडे पाच, एकीकडे तीन, एकीकडे एक. गुण जुळत नाहीत, बाई. मग तुमच्या पद्धतीचं काय करायचं मी?"

पाण्याचा ग्लास घेऊन आलेला नवरा दारातच थांबला. घरातले सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात साहेबांच्या गुडघ्याला काहीतरी लागले. त्यांनी खाली बघितले. गुंडी उभी होती. दोन्ही हातांनी डबा पोटाशी कवटाळून, साहेबांना तो दाखवत. मघाची ती भिंत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. मधे खुर्ची नाही, टेबल नाही, नुसती मोकळी फरशी.

"ही इथं कशी आली?" नवऱ्याने विचारले.

"डबा असा धरून रांगता येत नाही," सासरे पुटपुटले.

"म्हणजे चालली!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "कोणी बघितलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितले. कोणीच बघितले नव्हते.

"साहेब," सूनबाई म्हणाली, "हीच ती प्रशिक्षणार्थी."

साहेब बराच वेळ गुंडीकडे बघत राहिले. मग खुर्ची सोडून सावकाश फरशीवर बसले.

"आपण पाच जण होतो, बाई."

"हो, साहेब."

"आणि काम झालं, तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी वहीकडे."

"हो, साहेब."

"कारखान्यातही असंच होतं?"

नोकरी कच्ची होती, पण समोर गुंडी उभी होती. "रोज होतं, साहेब."

साहेबांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "उद्या गुण नकोत. आधी नुसतं बघायला शिकायचं. पहिला मी शिकणार, कोपऱ्यात बसून, कोणाला दिसणार नाही असा. शिकवायचं तुम्ही. आता शिकवणाऱ्या बाईंची नोकरी कच्ची ठेवून कसं चालेल?"

नवऱ्याच्या हातातले पाणी सूनबाईने घेतले आणि स्वतःच पिऊन टाकले.

"मी पहिल्यापासून पाच म्हणत होतो," सासरे म्हणाले.

"मीही," सासूबाई म्हणाल्या. नवरा वहीतले तीन खोडू लागला.

"पुन्हा एकदा चालून दाखवता का, बाईसाहेब?" साहेबांनी दोन्ही हात पसरून विचारले.

गुंडीने जमलेल्या सगळ्यांकडे एकदा बघितले. मग डबा दोन्ही हातांनी उचलला आणि साहेबांच्या पायावर टाकला.

"अयाई गं!" साहेब ओरडले.

गुंडीने समाधानाने आजोबांकडे बघितले. निकाल अगदी तंतोतंत जुळला होता.